केस पेपरवर पेशंटचं वाक्य जसंच्या तसं: नव्या बॅचसाठी शब्द हवेत

शतपावली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात मी मानसोपचार शिकवते, हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे. कॉलेज कुठलं ते विचारू नका. लोकल बंद पडल्या की ओपीडी निम्मी होते, म्हणजे मुंबईतलं कुठलंही धरा.

आधी विभागाच्या बातम्या. बॉस रिटायर झाले. त्यांच्या खुर्चीत सध्या वॉर्डातली मांजर बसते. ईसीटीच्या, म्हणजे शॉक द्यायच्या खोलीला एकदाचा रंग लागला. भूलतज्ज्ञ मात्र अजूनही आठवड्यातून दोनच दिवस मिळतात, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी आहे. त्यामुळे बाकीचे दिवस खोली नुसती चकचकीत.

आणि एमडीची नवी बॅच आली. तिघं जण. एक नागपूरकडचा, एक ऑल इंडिया कोट्यातून तेलंगणातून आलेला आणि एक आपली दादरची. भाषेची सगळ्यात जास्त पंचाईत कुणाची होते सांगा? दादरच्या मुलीची. तेलंगणाचा मुलगा अडला की विचारतो. हिला वाटतं आपल्याला मराठी येतं.

परवाचीच गोष्ट. एका मुलाला घेऊन वडील आले होते, साताऱ्याकडचे. मुलगा तीन महिने झोपत नाही, एकटाच बोलतो. वडील म्हणाले, "बाहेरचं सगळं करून झालं, आता तुमच्याकडे आलो." हिने केस पेपरवर इंग्रजीत लिहिलं, बाहेरच्या हॉस्पिटलात उपचार घेतले, कागदपत्रं आणायला सांगावीत. वडील बिचारे गोंधळले. कसली कागदपत्रं? देवऋषी काय डिस्चार्ज कार्ड देतो? त्यांचं "बाहेरचं" म्हणजे उतारा, गंडादोरा, अमावास्येला लिंबू. तोपर्यंत एकही गोळी पोटात गेलेली नव्हती, आणि आमच्या पेपरवर मात्र उपचार घेऊनही गुण नाही अशी नोंद. राउंडला ते वाचून मी औषध बदलायलाच निघाले होते.

तेव्हापासून नियम केलाय. तक्रारीच्या रकान्यात पेशंटचं वाक्य देवनागरीत, तो बोलला तसंच. इंग्रजी नंतर. आमच्याकडे निदानाला ना एक्स-रे ना सोनोग्राफी. रक्त तपासतो ते थायरॉइड वगैरे नाही ना हे बघायला. बाकी पेशंट काय बोलला, कसा बोलला, यातच काय ते सापडतं, आणि तेच आम्ही पहिल्या पाच मिनिटांत भाषांतर करून फेकून देतो.

तर मदत हवी आहे. तुमच्या घरात, गावात मनाच्या दुखण्याला काय काय म्हणतात? शब्द नको, अख्खं वाक्य द्या. मुलांसाठी वही करतेय.

कोकणी_आगाऊ

पहिला! आमची आजी म्हणायची, "माका कायच सुचना नाय." आणि "भायरचा" तर आमच्याकडे घाऊक मिळतं. तुमच्या दादरच्या डॉक्टरणीला सिंधुदुर्गात पाठवा, आठवड्यात तयार होईल.

शतपावली

चेष्टा करू नका, खरंच पाठवतात. २०२१ च्या बॅचपासून प्रत्येक एमडीवाल्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात.

वऱ्हाडी_ठेचा

मॅडम, मी सेकंड इयर, दुसऱ्या एका कॉलेजात. माझे ते तीन महिने पालघर जिल्ह्यात झाले. पहिल्या दिवशी एक वारली आजी आली आणि मी माझ्या वऱ्हाडीत, ती तिच्या बोलीत, दोघंही मराठीच बोलतोय अशा समजुतीत दहा मिनिटं बोललो. शेवटी आशाताईने सोडवलं. आजीला मनाचं काहीच नव्हतं, तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं.

आमच्याकडचं वाक्य देतो: "मले घरी करमून नाही राह्यलं." हे मी लिहिलं तेव्हा आमच्या लेक्चररने इंग्रजीत 'बोअर होतं' असं करून ठेवलं होतं.

शतपावली

अगदी! "करमत नाही" यावर मी पाऊण तासाचं लेक्चर घेते. नवी सून म्हणते करमत नाही, तेव्हा ते माहेरची ओढ असते. गिरणीतून रिटायर झालेला माणूस म्हणतो करमत नाही, तेव्हा वेळ खायला उठलेला असतो. आणि पन्नाशीची बाई म्हणते, "नातू मांडीवर असला तरी करमत नाही." हे तिसरं आलं की पेन खाली ठेवून नीट ऐकायचं. ज्यात आनंद वाटायचा त्यातून तो गेलाय, हे नैराश्याच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक. "मन उदास आहे" असं आमच्या ओपीडीत क्वचितच कुणी म्हणतं. उदास वगैरे भावगीतात. इथे अन्न गोड लागत नाही, कशात मन लागत नाही, डोकं जड होतं, अंगात त्राण नसतं.

एमबीबीएसची मुलं दोन आठवड्यांसाठी येतात. पूर्वी त्यांना ती सुट्टीच वाटायची. आता पहिल्या दिवशी त्यांना औषधाच्या खिडकीपाशी रांगेत उभं करते आणि फक्त ऐकायला लावते. डॉक्टरसमोर न बोललेलं सगळं रांगेत बोललं जातं. परवा एका मुलाने लिहून आणलं: "झोपेची गोळी आहे म्हणून सांगितलंय शेजारी, नाहीतर पोरीचं लग्न मोडेल."

तर्कट

लेख चांगला, पण प्रश्न आहे. मुंबईच्या सरकारी ओपीडीत निम्मे लोक हिंदी, भोजपुरी, उर्दू, गुजराती बोलतात. मग मराठीचाच उमाळा का? आणि शेवटी निदान जागतिक व्याख्येनेच करायचं ना? मेंदूतल्या रसायनाला, सेरोटोनिनला, मराठी येत नाही.

शतपावली

उमाळा नाही हो. जो जे बोलतो ते लिहायचं. भोजपुरी देवनागरीत छान बसते. तमिळ पेशंट असला तर नातेवाइकाला दोनदा म्हणायला लावतो आणि जमेल तसं लिहितो.

जागतिक व्याख्यांचं म्हणाल तर त्यांनाही हे पटलेलं आहे. 'धात' (वीर्य जातंय म्हणून अशक्तपणा आला ही धास्ती) हा आपल्याकडचा शब्द आयसीडी-१० मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे. २०१३ च्या डीएसएम-५ च्या, म्हणजे अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या निदानाच्या पुस्तकाच्या मागे जगभरातल्या अशा शब्दांची छोटी यादी दिलीय. त्यात झिम्बाब्वेमधल्या शोना भाषेतला एक शब्द आहे, अर्थ 'फार विचार येणं'. आमच्या ओपीडीतलं "डॉक्टर, विचार लय येतात" हेच की. कंबोडियातला एक आजार आहे, त्यात वारं अंगातून वर चढतं आणि डोक्यात शिरतं, चक्कर येते, जीव जाईल असं वाटतं. लालबागच्या माणसाला विचारा, तो म्हणेल "गॅस डोक्यात चढतो". घाबरण्याचा झटकाच, आधी चार वेळा ईसीजी काढून आलेला. त्याला "तुमच्या छातीत काही नाही" म्हणून चालत नाही. त्याने छाती म्हटलेलंच नसतं.

बदलापूर_६१२

इथे बहुतेक वाचतोच, आज लिहितो. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. तेरा वर्षं झाली. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण नंतर त्यांनीच त्याला बरं ठेवलंय.

पहिल्यांदा दाखवलं तेव्हा सकाळी सहा बाराची गाडी पकडून गेलो, साडेअकराला नंबर लागला, पाच मिनिटांत बाहेर. पेपर इंग्रजीत. परतीच्या गाडीत वाचत बसलो. सगळ्यात खाली लिहिलं होतं, इनसाइट ग्रेड वन. मला वाटलं चला, निदान एका विषयात तरी पहिला आला. घरी आईला सांगितलं की समज त्याची फर्स्ट क्लास आहे, डॉक्टरांनीच लिहिलंय. आईने देवापुढे साखर ठेवली.

सहा महिन्यांनी एका ज्युनिअर डॉक्टरकडून कळलं की ग्रेड वन म्हणजे सगळ्यात खालची. आपण आजारी आहोत हेच माणसाला मान्य नसतं ती. आईला अजून सांगितलेलं नाही.

सिस्टर_निवृत्त

अरे देवा. 😔

शतपावली

बदलापूर, वाचून गप्प बसले. पट्टी एक ते सहा असते, एक म्हणजे पूर्ण नकार, सहा म्हणजे आजार कळून-उमजून वागणं बदलणं. आम्ही ती एकमेकांसाठी लिहितो आणि कागद मात्र तुमच्या हातात देतो. वहीच्या पहिल्या पानावर तुमचा हा प्रसंग घालू का? नाव-गाव नाही.

बदलापूर_६१२

घाला. भाऊ आता चारवर आहे म्हणतात. गोळ्या स्वतः मागून घेतो.

जुना_हाऊसमन

आमच्या वेळी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, डीपीएम (मानसोपचाराचा डिप्लोमा) करत होतो तेव्हा बॉस पेशंटसमोर आमचं इंग्रजी सुधारायचे. पेशंट बघत राहायचा की भांडण कशावरून चाललंय.

थोडा इतिहास, कारण नव्या पोरांना वाटतं जनरल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग असतोच. नव्हता. १९३३ मध्ये कलकत्त्याच्या आर. जी. कर कॉलेजात गिरींद्रशेखर बोसांनी पहिली ओपीडी काढली आणि १९३८ मध्ये आपल्या जे. जे. त डॉ. के. के. मसानींनी. त्याआधी मुंबईकराला एकच पत्ता ठाऊक, ठाण्याचं मनोरुग्णालय, १९०१ पासूनचं. म्हणून तर अजून "याला ठाण्याला पाठवा" म्हणतात. पुण्याचे लोक येरवडा म्हणतात. तापाच्या रांगेशेजारीच मनाचीही रांग लागली, तेव्हा कुठे लोक डोकं दाखवायला यायला लागले. केईएमचे डॉ. वाहिया पतंजलीच्या योगसूत्रांवरून बेतलेली उपचारपद्धती वापरायचे. परदेशी पाहुणे आले की आम्हाला ते सूत्रं म्हणायला लावतील अशी भीती असायची.

परीक्षेचं सांगतो. लाँग केसला, म्हणजे एकच पेशंट सविस्तर तपासून मांडायचा असतो तेव्हा, एक्सटर्नल (बाहेरचे परीक्षक) दक्षिणेकडचे. माझा पेशंट म्हणाला, "माझ्या मागावर माणसं आहेत." मी भाषांतर केलं. एक्सटर्नल म्हणाले, विचारा कोण माणसं. पेशंट म्हणाला, "सोसायटीची. चार लाख घेतलेत." खरंच घेतले होते. पतपेढीचे वसुलीवाले वॉर्डाबाहेर उभे होते. पास झालो कसाबसा.

कोकणी_आगाऊ

काका 😂😂 हा वेगळा धागा होऊ द्या.

शतपावली

सर, असाच एक आमच्याकडचा. तपासणीत म्हणीचा अर्थ विचारतात. शब्दाच्या पलीकडे विचार जातो का ते बघायला. फर्स्ट इयरच्या मुलाने एका पेशंटला विचारलं, नाचता येईना अंगण वाकडं म्हणजे काय? पेशंट वरळीच्या चाळीतला, जन्म तिथलाच. म्हणाला, "आमच्यात अंगणच नाही, गॅलरी आहे. ती पण कॉमन." मुलाने लिहिलं, अमूर्त विचार बिघडलेला. मी म्हटलं, अरे, याने तुझी फिरकी घेतलीय! आता आम्ही विचारतो, उथळ पाण्याला खळखळाट फार.

शंभरातून सात वजा करत जा, हाही असाच प्रकार. शाळेत न गेलेल्या भाजीवालीला तो विचारून एका इंटर्नने तिला मंद ठरवली होती. वीस रुपये पाव मेथी, पन्नासची नोट दिली, किती परत, हे विचारल्यावर तिने उत्तर तर दिलंच, वर म्हणाली, "मेथी पावावर कोण विकतं?"

सिस्टर_निवृत्त

मॅडम, बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा मानसोपचार वॉर्डात. मुलांच्या वहीत "अंग" वेगळं पान करा. नवीन डॉक्टर त्यातच घसरतात.

"अंगात येतं" म्हणजे देवी नाहीतर भूत. "अंगावरून वारं गेलं" म्हणजे लकवा. "अंगावरून जातं" हे बायकांचं, पांढरं किंवा लाल ते विचारून घ्यायचं, आणि पुरुष डॉक्टरने एकट्याने विचारायचं नाही. "अंग बाहेर येतं" म्हणजे पिशवी खाली उतरलीय. "अंगावर काढलं" म्हणजे दुखणं सोसलं, दाखवलं नाही. "अंगावर पितं" म्हणजे बाळ आईचं दूध पितं, तेव्हा गोळ्या लिहिण्याआधी थांबायचं.

एका डॉक्टरने "अंगावरून वारं गेलं" ऐकून 'त्वचेवर झुळूक जाणवते, भास' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, डॉक्टर, आजोबांचा डावा हात उचलून बघा. उचलला आणि सोडला. धपकन् पडला. मेडिसिनला पळवलं.

वॉर्डातल्या मामा-मावशींनाही (वॉर्डबॉय, आया) विचारा. पेशंट रात्री त्यांच्याशीच बोलतात.

शतपावली

सिस्टर, हा प्रतिसाद तसाच्या तसा छापून ड्युटीरूममध्ये लावतेय.

उलटंही होतं. मेडिसिनमधून रात्री तीनला कॉल येतो, पेशंट बडबडतोय, सायकॅट्रीत हलवा. जाऊन बघावं तर पाय मोडून तीन दिवसांपूर्वी दाखल झालेला, घरी रोजची क्वार्टर, इथे बंद. हात थरथरतायत, चादरीवरून मुंग्या झटकतोय. याला वेड लागलेलं नसतं, दारू तुटलेली असते, आणि यात जीवही जाऊ शकतो. पहिल्यांदा थायामिन (बी-१ जीवनसत्त्व), मग ग्लुकोज, हे आमचा फर्स्ट इयर झोपेतही म्हणतो. याही वेळी घरच्यांना "दारू पितात का?" विचारलं तर "नाही" येतं. "कधीपासून घेतली नाही?" विचारलं की "सोमवारपासून."

तर्कट

हे पटलं. आता अवघड प्रश्न. माझी आई ७८ वर्षांची. रोज म्हणते, "देवानं आता न्यावं." तिच्या सगळ्या मैत्रिणी म्हणतात. हे लक्षण की बोलण्याची पद्धत? आणि विचारायला गेलो तर नसलेलं डोक्यात घालणं होणार नाही का?

शतपावली

धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून सविस्तर.

विचारल्याने विचार डोक्यात जात नाही. असलाच तर माणसाला हायसं वाटतं, कुणीतरी विचारलं म्हणून. "देवानं न्यावं" बऱ्याचदा नुसतं बोलणं असतं, पण प्रत्येक वेळी नसतं. मी मुलांना वाक्य कुठे वळतं ते ऐकायला सांगते. देव कर्ता असतो तोवर एक. "आता नको वाटतं" इथे देव गेला. "माझी अडचण होते सगळ्यांना" इथे पुढचं विचारायलाच हवं. "सुटले तर बरं" म्हणून कुणी पासबुक, दागिने वाटायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर. अर्थात देव कर्ता आहे म्हणून निर्धास्त राहायचं असंही नाही. ही वाट दाखवणारी खूण आहे, मोजपट्टी नाही.

तुम्ही आईंना सरळ विचारा: "जीव नकोसा होतो का? स्वतःला काही करावंसं वाटतं का?" याच शब्दांत. जेवण, झोप आणि मैत्रिणींकडे जाणं पूर्वीसारखं आहे का तेही बघा. नसेल तर दाखवा. वय झालं म्हणून असं होतं, हे म्हणून सोडू नका.

कुणी स्वतःसाठी हे वाचत असेल तर टेली-मानसचा नंबर १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

कोकणी_आगाऊ

ताई, आमच्या गावात एकीने प्रयत्न केला होता. घरच्यांनी पोलीस केसच्या भीतीने हॉस्पिटलला नेलंच नाही, घरीच मिठाचं पाणी पाजत बसले. वाचली नशिबाने.

शतपावली

ही भीती अजून आहे. २०१७ च्याच कायद्याचं कलम ११५ बघा: प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत त्याला शिक्षा नाही, आणि त्याची काळजी, उपचार ही सरकारची जबाबदारी. गावात सांगा. मिठाचं पाणी पाजू नका, तेही सांगा, त्यानेच माणूस दगावू शकतो.

वऱ्हाडी_ठेचा

मॅडम, महिन्याभराने धागा वर काढतोय. आमच्या युनिटमध्येही देवनागरीचा नियम लावून घेतला. लेक्चरर आधी कुरकुरले, ऑडिटवाले काय म्हणतील म्हणून. अजून तरी कुणी काही म्हटलेलं नाही.

एक दाखवायचं होतं. विरारची आजी, सुनेबरोबर येते. पहिल्या दिवशी तिच्याच शब्दांत लिहिलं होतं: "देवानं न्यावं. नाही नेलं तर मीच जाईन म्हणते." त्याच दिवशी दाखल करून घेतलं, सोळा दिवस होती. काल फॉलोअपला आली. मी जुनं वाक्य वाचून दाखवलं. म्हणे, "असं बोलले होते का मी? आता त्याला म्हटलंय, नातीचं लग्न आहे मार्गशीर्षात, त्याच्यानंतर ये. घाई करू नको."

कोकणी_आगाऊ

आजी जिंदाबाद.

सिस्टर_निवृत्त

छान झालं बाळा. तिला आता दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम लिहून दे. विरारहून गर्दीत दर महिन्याला येणं या वयात झेपत नाही.

शतपावली

सिस्टर, एवढ्यात नको. एका महिन्याच्याच. गर्दीचं म्हणाल तर, ठेचा, नंबर दुपारचा दे, सकाळची गाडी टळेल. आणि पाकीट सुनेच्या कपाटात, रोजची गोळी सुनेच्या हातून. हे सुनेला वेगळं बोलावून सांग, आजीसमोर नको.

वऱ्हाडी_ठेचा

सुनेने आधीच केलंय मॅडम. किल्ली गळ्यात घालून फिरते.